टोकेकर वहिनींची दुसरी आकृती

माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं, त्याचं श्रेय घ्यायला आमच्या घरात कुणी मागे नसतं. आमचे हे, म्हणजे रवींद्र, म्हणतात, पोरं मी सांभाळली. सासूबाई म्हणायच्या, सोमवार मी धरले. दोन्ही खरं आहे आणि मी दोघांचीही ऋणी आहे. पण त्या डॉक्टरकीतला एक मोठा वाटा भोपाळमधल्या बरखेड्यात, कारखान्यानं दिलेल्या आमच्या क्वार्टरच्या भिंतीपलीकडे राहायचा, आणि त्याबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही. म्हणून न विचारताच सांगते.

भिंतीपलीकडे टोकेकर राहायचे. मनोहरभाऊ कारखान्याच्या फाउंड्रीत आणि वैजयंतीवहिनी तिथल्याच ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. हे काम आता समजावून सांगावं लागतं, कारण कंप्युटरनं ते गिळून टाकलं. इंजिनिअर पेन्सिलीनं यंत्राचं चित्र काढायचा. ट्रेसर त्यावर पारदर्शक कागद पसरून ते काळ्या शाईनं उतरवून घ्यायची, आणि त्या कागदावरून मग अमोनियाच्या मशीनवर लागतील तितक्या प्रती निघायच्या. वहिनींच्या पदराला त्या अमोनियाचा वास कायम असायचा.

ग्वाल्हेरला माहेरी असतानाच त्यांनी या कामाचं सर्टिफिकेट घेतलं होतं, आणि लग्न होऊन भोपाळला आल्यापासून त्या तेच करत होत्या. बाई बोलायला कमी, पण हात असा नीट की विचारू नका. भेंडी चिरली तरी सगळे तुकडे एका मापाचे. आमच्या बैठकीत बसल्या की बोलता बोलता उठायच्या, भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तर सरळ करायच्या आणि पुन्हा येऊन बसायच्या. मी चिडवायची, "वहिनी, तसबीर ठीकच आहे, आमचं घरच वाकडं आहे." त्या हसायच्या, पण तसबीर सरळ केल्याशिवाय चहाला हात लावायच्या नाहीत.

मी त्यांच्या अगदी उलट. माझे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, आणि येताना राग तेवढा सोबत घेऊन आले. तो मला वारशात मिळाला. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, आणि उरलेल्या वेळात संशोधन करायची. संशोधन म्हणजे फार मोठं काही नाही. तलावातल्या माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहणारा तांदळाच्या कणीएवढा एक कृमी, तो माझा विषय. त्यासाठी मला माशांची डोकी लागायची. बिट्टन मार्केटच्या हाटात भाजीच्या रांगेच्या शेवटी एक मासेवाली बसायची. ती दर वेळी मला विचारायची, "मैडम, मछली छोड़ के सिर्फ़ मुंडी? खिलाती किसको हो?" ती डोकी मी पिशवीत मेथीच्या जुडीखाली लपवून घरी आणायची, आणि सासूबाई न बघितल्यासारखं करायच्या. सोमवार धरण्याहून त्यांचे हे उपकार मी मोठे मानते.

तर हा कृमी. त्याच्या शेपटीकडे दोन्ही बाजूंना बारीक चिमटे असतात, आणि त्यांनी तो कल्ला धरून ठेवतो. मला जो सापडला त्याच्या डाव्या बाजूला सात चिमटे होते आणि उजवीकडे चारच. एखाददुसऱ्यात नाही, माशाच्या एका बाजूच्या कल्ल्यावरून जितके काढले तितक्या सगळ्यांत. माझा अख्खा पेपर एवढ्यावरच उभा होता, की हा प्राणी दोन्ही बाजूंनी सारखा नाही आणि का नाही.

पेपर ही हौस नव्हती. उज्जैनचे माझे सर कडक होते. एक तरी पेपर बऱ्या जर्नलनं स्वीकारल्याशिवाय थीसिसवर सही नाही, हा त्यांचा नियम. आणि सर त्या जूनमध्ये रिटायर होणार होते. नवा गाइड म्हणजे नवा विषय, नवं रजिस्ट्रेशन, पुन्हा अ आ ई. नोकरी, दोन पोरं आणि घर सांभाळून एवढं केलं होतं ते कसंबसं. पुन्हा पहिल्यापासून माझ्याच्यानं होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. जूनच्या आत पेपर लागला तर लागला, नाहीतर ते काम जन्माचं राहिलं, असा सरळ मामला होता.

मजकूर मी लिहिला, सरांनी लाल शाईनं रंगवला, मी पुन्हा लिहिला. सोनागिरीतल्या एका टायपिस्टानं कार्बन घालून त्याच्या प्रती काढल्या आणि कृमीच्या लॅटिन नावाचे प्रत्येक पानावर वेगळे हाल केले. ते मी हातानं दुरुस्त केले. अडलं ते दुसऱ्या आकृतीपाशी, खुद्द कृमीच्या चित्रापाशी. मायक्रोस्कोपमधलं चित्र कागदावर पाडणारं एक आरशाचं उपकरण असतं. कॉलेजात ते होतं, पण त्याचा आरसा माझ्या नेमणुकीच्या आधीच फुटलेला. म्हणजे चित्र नजरेनं बघून हातानंच काढायचं. आणि माझा हात कसा आहे ते माझी रांगोळी पाहिलेल्या कुणालाही विचारा.

मी पेन्सिलीनं काहीतरी काढलं. वहिनींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "द्या ना इकडे. शाईनं उतरवून देते. आपलं कामच आहे ते." मी मोठ्या आनंदानं दिलं.

आठवड्याभरात त्यांनी जे आणून दिलं ते मी खिडकीशी उजेडात नेलं. काळ्याभोर, एकसारख्या जाडीच्या रेघा. कुठे थरथर नाही, डाग नाही. मी पाहिलं, रवींद्रनं पाहिलं, सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. उज्जैनला सरांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच लाल पेन खिशात ठेवलं. पेपर रजिस्टर्ड पोस्टानं कलकत्त्याला, जर्नलच्या संपादकांकडे गेला.

उत्तर आलं ते उन्हं तापायला लागल्यावर. संपादकांनी परीक्षकाचं म्हणणं जोडलं होतं, आणि ते थोडक्यात असं: लेखिका सांगतात की उजव्या बाजूला चारच चिमटे आहेत, पण आकृती दोनमध्ये दोन्हीकडे सात सात दिसतात. मग चूक निरीक्षणात आहे की चित्रात? खुलासा करावा आणि मूळ नमुना तपासायला पाठवावा, नाहीतर पेपर परत घ्यावा.

मी आकृतीची माझ्याजवळची प्रत काढून मोजलं. सात आणि सात. इतक्या जणांच्या डोळ्यांखालून गेलं आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. सुंदर गोष्ट माणूस तपासत नाही, नुसती बघत राहतो.

मी कागद घेऊन तशीच भिंतीपलीकडे गेले. वहिनी नुकत्याच कामावरून येऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी प्रत त्यांच्यासमोर धरली आणि उजवी बाजू दाखवली. "हे सात कुठून आले?"

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. आतून माझं पेन्सिलीचं चित्र आणलं, दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हो. हे मीच केलंय."

"अहो, पण का?"

"मला वाटलं, तुमचा हात थकला असेल. साहेब लोकांचं असंच असतं. एक बाजू नीट काढतात आणि दुसरीकडे घाई करतात. आपण समजून घ्यायचं आणि पूरं करून द्यायचं. मी कागदाला मधोमध घडी घातली आणि डावी बाजू उजवीकडे उतरवली."

"वहिनी, तो काय मशीनचा पार्ट आहे?"

"मी तर तेच समजले," त्या म्हणाल्या.

माझा राग तोपर्यंत शिगेला पोचला होता. "निदान विचारायचं तरी होतं. भिंतीला भिंत आहे आपली."

"आमच्याकडे नाही विचारत," त्या हळूच म्हणाल्या. "विचारलं की चार लोकांसमोर साहेबाची गलती निघते. त्यांना खराब वाटतं. चुपचाप ठीक करून द्यायचं, म्हणजे त्यांचंही भलं, आपलंही. इतकी वर्षं मी हेच केलंय, प्रतिभावहिनी. तुम्हाला खराब वाटू नये म्हणूनच नाही विचारलं."

माझा पेपर बुडाला होता तो माझी अब्रू राखण्याच्या नादात. मी भांडायला आले होते आणि भांडण हातातून निसटलं. त्यांनी चहा टाकला. तो पिऊन कप ठेवताना त्यांनी विचारलं, "आता किती वेळ आहे?" मी म्हटलं, "सर जूनमध्ये जातात."

सरांना फोन लावला तर ते म्हणाले, कारखान्याच्या बाईचा नाद सोडा, इथे विद्यापीठात चित्रकार आहे, सुट्टीवरून आला की काढून देईल. सुट्टी जुलैपर्यंत. मी तसं वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी काढते. पण आता तुमचं चित्र बघून नाही काढणार. मला तो किडा दाखवा."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी बसनं कॉलेजात गेलो. चौकीदारानं लॅब उघडून दिली. मी स्लाइड लावली आणि त्यांना मायक्रोस्कोपसमोर बसवलं. पहिला बराच वेळ त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. सगळ्यांना आधी त्याच दिसतात. मग त्यांचं बोट मेजावर एकेक चिमटा मोजायला लागलं, आधी सात, मग चार.

"हा तर वाकडाच आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, की मासा श्वास घेतो तेव्हा कल्ल्यावरून पाणी सतत एकाच दिशेनं वाहतं. या कृमीला जन्मभर त्या प्रवाहात टिकून राहायचं असतं. म्हणून एका बाजूचे चिमटे वाढतात, दुसरीकडच्यांची तेवढी गरज पडत नाही. वहिनींनी डोळा न काढताच ऐकलं. "म्हणजे जिकडे ओढ जास्त, तिकडे पकड जास्त," त्या म्हणाल्या. माझ्या पेपरात हे सांगायला एक अख्खा परिच्छेद लागला होता.

समजलं तरी काढायला येईना. त्यांनी सवयीनं आधी कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारली, यंत्राच्या चित्रात मारतात तशी. ती रेघ पडली की पुढचं सगळं आपोआप तिच्या दोन्ही अंगांना सारखं बसायचं. चार चिमटे काढले तरी ते सातांच्या समोर मापात मांडलेले. मी म्हटलं, "ती मधली रेघ नका मारू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग सुरू कुठून करायचं?"

"जे दिसतं तिथून."

"मी आजवर अशी एकही रेघ ओढली नाही, जी आधी कुणीतरी ओढलेली नव्हती," वहिनी म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, जसं आहे तसं सांगितलं. बिनरेघेचा कोरा कागद समोर घेऊन त्या बसून राहिल्या. त्या दिवशी काहीच झालं नाही. परत येताना बसमध्ये मी मनात सरांचा रिटायरमेंटचा हार पाहिला आणि माझी थीसिस त्याखाली दाबलेली पाहिली.

पण बाई हटली नाही. पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार. मनोहरभाऊ त्या दिवशी स्वयंपाक करायचे आणि आमच्या घरीही वाटीभर पाठवायचे, ते फार तिखट असायचं. वहिनी कागद खराब करत, फाडत नसत, पालथे घालून ठेवत. एकदा त्यांनी शेपटीच्या टोकापासून सुरुवात केली आणि तोंडापर्यंत पोचल्या, मध्ये एकदाही वर न पाहता. मी आळीपाळीनं स्लाइड आणि कागद पाहिला. कृमी वळला होता तसा वळलेला होता. उजवीकडे चार चिमटे होते आणि त्यातला एक थोडा बाहेर झुकलेला, जसा खरोखर होता. मी फक्त म्हटलं, "हाच तो."

त्यावर शाई चढली, आणि या वेळी वहिनींनी मला समोर बसवून टाचणीच्या टोकानं प्रत्येक चिमटा मोजायला लावला. आता प्रश्न खुलाशाच्या पत्राचा. सरांनी कळवलं होतं, 'ड्राफ्ट्समनची चूक' एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. वहिनी म्हणाल्या, "लिहा ना. खरंच आहे ते. माझं नावही लिहा, मला काही वाटणार नाही."

मला वाटत होतं. चूक त्यांच्या हातून झाली, पण ती मला सांभाळून घ्यायच्या भावनेनं झाली होती, आणि ती दुरुस्त करायला त्यांनी आपले रविवार घातले होते, पाच आकडी पगाराच्या साहेबासाठी नाही, शेजारणीसाठी. मी पत्रात लिहिलं: आधीची आकृती दोन माझ्या सदोष चित्रावरून झाली होती. ही आकृती श्रीमती वैजयंती टोकेकर यांनी नमुना स्वतः पाहून काढली आहे. सोबत नमुना पाठवत आहे, ताडून पाहावा. शेवटच्या पानावर आभार असतात, तिथेही त्यांचं नाव घातलं. सरांनी ते वाचून नाक मुरडलं, पण खोडलं नाही. त्याबद्दल त्यांचेही आभार.

स्लाइड काचेची, आणि पोस्टाचा काय भरवसा? ते काम रवींद्रनं घेतलं. हे कारखान्याच्या स्टोअर्समध्ये, रोज पार्ट पॅक करून पाठवणारे. चहाच्या डब्यात कापूस, त्यात स्लाइड, वर लाकडी खोकं, त्यावर चारही बाजूंना बाण आणि 'यह सिरा ऊपर'. पोस्टातल्या माणसानं विचारलं, आत टर्बाइन आहे का.

मग वाट पाहणं. मे गेला. जूनमध्ये पोस्टमनची सायकल वाजली की मी हातातलं टाकून फाटकाकडे धावायची. उत्तरपत्रिकांवर काय मार्क दिले ते मुलांनाच माहीत. वहिनी रोज कामावरून येताना दारात क्षणभर थांबायच्या. विचारायच्या नाहीत. मी मान हलवली की आत जायच्या.

सरांच्या निरोपसमारंभाच्या आदल्या आठवड्यात पाकीट आलं. मी ते फाटकातच फोडलं. पेपर स्वीकारला होता. मी दोनदा वाचलं, उज्जैनला फोन लावला, सरांचं "चला, सही करायला या" ऐकलं, आणि फोन ठेवून तिथेच खुर्चीवर बसून रडले. रडणं आटोपल्यावर पत्र घेऊन भिंतीपलीकडे धावले.

वहिनी दारातच होत्या. माझा चेहरा पाहून त्यांना कळलंच. "झालं?" "झालं," मी म्हटलं. त्यांनी हात जोडून कपाळाला लावले आणि मग जरा चाचरत विचारलं, "चित्राबद्दल काही लिहिलंय?"

मला त्या वेळी त्यांच्याबद्दल इतकं भरून आलं होतं की जगातलं सगळं कौतुक त्यांच्या ओटीत घालावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "लिहिलंय तर! परीक्षक म्हणतात, इतकी रेखीव आकृती त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नाही. काढणाऱ्याच्या हाताला तोड नाही म्हणे. खूप खूश झालेत."

वहिनींनी माझ्या हातातल्या पत्राकडे पाहिलं. "असं लिहिलंय?"

"साधारण असंच."

"साधारण नको," त्या म्हणाल्या. "जसं लिहिलंय तसं वाचा. इंग्रजीत वाचा, मग सांगा."

मी पत्र उघडलं आणि इंग्रजीत वाचलं. आवाज खाली आला, कारण ती अगदी कोरडी ओळ होती, सरकारी शेऱ्यासारखी. मग मराठीत सांगितलं: "आकृती दोन नमुन्याशी ताडून पाहिली. बरोबर आहे. आहे तशीच छापावी."

"बस? एवढंच?"

"एवढंच, वहिनी."

त्या उंबऱ्यावर खाली बसल्या. मला वाटलं, हिरमुसल्या. मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, तेवढ्यात दिसलं की त्यांचे डोळे भरून आलेत आणि त्या हसताहेत.

"आहे तशीच छापावी," त्या सावकाश म्हणाल्या. "पुन्हा एकदा वाचता?"

मी पुन्हा वाचलं. त्यानंतर आणखी एकदा, न सांगताच.